हा मासा नक्की तोच का? मरीन टँकवाल्या वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले प्रश्न चाळले तर निम्म्याहून जास्त एकाच धाटणीचे निघाले. दुकानदार म्हणतो हा अमुक, नेटवरच्या फोटोत दिसतो तमुक, मग खरा कोण. म्हणून स्किमर, नायट्रेट, लाइटचे तास वगैरे सगळं पुढच्या अंकात, आज फक्त ओळख परेड.

प्रश्न : दुकानात शेजारी शेजारी दोन टाक्या होत्या, एकीवर ऑसिलॅरिस क्लाउन लिहिलेलं आणि दुसरीवर परक्युला. मला दोन्ही सेम टू सेम दिसले. मित्र म्हणतो पट्ट्यांना काळी बॉर्डर जाड असेल तर परक्युला. एवढंच बघायचं का?

मित्राचं म्हणणं खोटं नाही पण अर्धवट आहे. दोघंही नारिंगी, दोघांना तीन पांढरे पट्टे, मधला पट्टा डोक्याच्या बाजूला फुगलेला, त्यामुळे गोंधळ होणारच. परक्युलाच्या पट्ट्यांना बऱ्यापैकी जाड काळी कड असते, काहींमध्ये तर दोन पट्ट्यांमधली सगळी जागाच काळी होते, आणि ऑसिलॅरिसला कड असलीच तर बारीक रेघेसारखी. पण ही कड वयाप्रमाणे बदलते, लहान परक्युलाला ती जेमतेम असते आणि दुकानात येतात ते बहुतेक लहानच, त्यामुळे नुसत्या कडेवर निकाल देऊ नका.

डोळा बघा. परक्युलाच्या बुबुळाभोवतीची रिंग भडक नारिंगी असते म्हणून मधला काळा भाग छोटा वाटतो, ऑसिलॅरिसमध्ये ती रिंग करडट असते आणि सगळा डोळाच मोठा नि काळा वाटतो. जवळ जाऊन एकदा दोन्ही पाहिले की हा फरक डोक्यात फिट बसतो, मला स्वतःला कडेपेक्षा डोळाच जास्त भरवशाचा वाटतो.

आणि पक्कं हवं असेल तर पाठीवरच्या पराचे काटे मोजायचे. ऑसिलॅरिसला बहुतेक वेळा ११, परक्युलाला १०, क्वचित दोन्हीकडे एखादा कमी निघतो. हलत्या माशावर हे मोजता येत नाही, म्हणून मासा चिडून पर ताठ करतो तेव्हा अगदी बाजूने पाच-सहा फोटो काढा आणि झूम करून मोजा. पुढचे कडक, टोकदार, न फुटलेले ते काटे, त्यांच्या मागे जे मऊ आणि टोकाला फाटे फुटलेले असतात ते किरण, ते मोजायचे नाहीत. पहिला काटा आखूड असतो, तो सुटतो आणि मग ऑसिलॅरिसचा परक्युला होऊन बसतो. फोटो काढताना निळी लाइट बंद करून पांढरी ठेवा, तुम्ही पाठवता त्या निम्म्या फोटोंत मासा जांभळाच दिसतो.

मासा समुद्रातून पकडलेला असेल तर तो कुठून आला हेही विचारा. ऑसिलॅरिस अंदमान-निकोबारपासून थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स करत वर जपानच्या र्युक्यू बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर सापडतो, परक्युला मात्र क्वीन्सलँड, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, व्हानुआटू या पट्ट्यात. म्हणजे इंडोनेशियाच्या पश्चिम भागातून आलेला जंगली परक्युला असं कोणी सांगत असेल तर प्रश्न तिथेच संपला. डार्विनकडचा काळा-पांढरा क्लाउन दिसायला कितीही वेगळा असला तरी तो ऑसिलॅरिसच.

हॅचरीतल्या डिझायनर माशांना, म्हणजे वेगळ्या रंग-नक्षीसाठी मुद्दाम पैदास केलेल्यांना, मात्र यातलं काही धड लागू पडत नाही. स्नोफ्लेक सहसा ऑसिलॅरिसपासून, पिकासो परक्युलापासून, पण दोघांचे क्रॉसही मुद्दाम केले जातात आणि मग डोळा एकाचा, कड दुसऱ्याची. तिथे ब्रीडर सांगेल ते खरं. नुसतं पाळायचं असेल तर फार डोकं लावू नका, निगा दोघांची सारखीच, दोघंही आधी नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो. ब्रीडिंग करायचं असेल तरच जात शंभर टक्के पक्की करून घ्या.

प्रश्न : पावडर ब्राऊन टँग घेतला, खातच नाही. माझ्या मित्राचा त्याच नावाचा टँग पहिल्या दिवसापासून नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून ओढून खातोय. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नसेलही, कदाचित तुमच्याकडे वेगळाच मासा आहे. पावडर ब्राऊन या एकाच नावाने दोन जाती विकल्या जातात, अकँथुरस जॅपोनिकस आणि अकँथुरस निग्रिकन्स, आणि दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जॅपोनिकस त्यातल्या त्यात समजूतदार, टाकीला लवकर रुळतो. निग्रिकन्स खाण्याच्या बाबतीत नखरेल, आणि प्रवासाचा ताण बसला की लगेच अंगावर पांढरे ठिपके घेऊन बसतो, व्हाइट स्पॉट या रोगाला हे टँग तसेही पटकन बळी पडतात.

ओळखायला गाल बघायचा. जॅपोनिकसच्या डोळ्याखालून पांढरा पट्टा निघतो आणि उतरत उतरत तोंडापर्यंत येतो, चांगला रुंद असतो, आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात लालसर नारिंगी पट्टी असते. निग्रिकन्सला डोळ्याच्या बरोबर खाली एक छोटासा पांढरा डाग, बस्स, तो तोंडापर्यंत येत नाही, आणि ती नारिंगी पट्टीही नसते. अंगाचा रंगही जास्त गडद, जवळपास काळाच. पाठीच्या आणि पोटाच्या परांच्या बुडाशी पिवळी रेघ दोघांनाही असते त्यामुळे ती बघून काही कळत नाही, आणि लेबलवर तर विसंबूच नका कारण डिस्ट्रिब्युटरच्या लिस्टमध्येच अनेकदा दोघं एका नावाखाली असतात.

तुमच्या वर्णनावरून मला निग्रिकन्स वाटतोय. पोट आत गेलंय का ते बघा, दिवसातून थोडं थोडं बऱ्याच वेळा द्या, नोरी दगडाला रबरबँडने बांधून ठेवा म्हणजे त्याला चरल्यासारखं खाता येईल, आणि टाकीत दुसरा टँग त्याला पिटाळत असेल तर आधी तो प्रश्न सोडवा.

जाता जाता, निग्रिकन्स आणि त्याचा निळा भाऊबंद पावडर ब्लू टँग यांचे क्रॉस निसर्गातही होतात, हिंद महासागरातल्या ख्रिसमस आणि कोकोस बेटांजवळ दोघांच्या हद्दी एकमेकींत मिसळतात तिथे. त्यामुळे एखादा मासा निळा की तपकिरी ठरवता येत नसेल तर दर वेळी दोष तुमच्या नजरेचा नसतो.

प्रश्न : टाकीतल्या माशांचे किडे खाईल म्हणून क्लीनर रास आणला, पण आता सगळ्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतायत. क्लीनर असं करतो का?

खरा क्लीनरही थोडीफार लबाडी करतो बरं का. माशाच्या अंगावरचा चिकट थर त्याला किड्यांपेक्षाही जास्त आवडतो, संधी मिळाली की तोच ओरबाडतो आणि बिचारा गिऱ्हाईक मासा दचकतो. पण परांचे तुकडेच गायब होत असतील तर तुमच्याकडे तोतया आला असण्याची शक्यता दाट आहे. अस्पिडोंटस टिनिएटस नावाची एक ब्लेनी आहे, ती हुबेहूब क्लीनर राससारखी दिसते, तोच निळसर-पांढरा रंग, तोच डोक्यापासून शेपटीपर्यंत रुंद होत जाणारा काळा पट्टा, आणि वर तो क्लीनरचा नाचही तिला येतो. मासा जवळ आला की पराचा लचका तोडून पसार. समुद्रात तिचं पोट माशांची अंडी, नळीतले किडे यांवरही भरतं, तुमच्या टाकीत मात्र तिला शेपट्याच सापडल्या.

तोंड बघा, दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल. रासचं तोंड नाकाच्या बरोबर टोकाला असतं, ब्लेनीचं तोंड खाली असतं आणि वरून नाक पुढे आलेलं, खालचा जबडा आत लपल्यासारखा. आत खालच्या जबड्यात दोन मोठे वाकडे सुळे असतात, ते दिसायची वाट मात्र बघू नका. दुसरं म्हणजे पोहण्याची पद्धत. रास कल्ल्याजवळचे दोन पर वल्ह्यांसारखे मारत, उड्या घेत घेत जातो, ब्लेनी सगळं अंग वळवत जाते. ब्लेनीचा पाठीवरचा पर डोक्यामागूनच सुरू होऊन शेपटीपर्यंत सलग जातो हेही फोटोत छान कळतं.

ब्लेनी निघाली तर तिला वेगळं करा, समजावून सांगण्यासारखी ती नाही. आणि रास निघाला तरी मी अभिनंदन करणार नाही, कारण घरच्या टाकीत त्याला पुरतील एवढे परजीवी नसतात आणि फ्रोझन खाणं शिकला नाही तर तो हळूहळू उपाशी मरतो. क्लीनर हवाच असेल तर हॅचरीतला निऑन गोबी घ्या. तोही काळा-निळा पट्टेवाला असल्यामुळे लोक त्यालाही रास समजतात, पण गोबी दगडावर पोट टेकून बसतो, रास दिवसभर एका जागी थांबत नाही.

प्रश्न : लेमनपील एंजल म्हणून पिवळाधमक मासा आणला होता. आता तो काळपट पडत चाललाय, शेपटीचा आकारही बदलतोय आणि वाढ तर विचारूच नका. आजारी आहे का?

ठणठणीत आहे, फक्त तो एंजल नाही. तो अकँथुरस पायरोफेरस, म्हणजे मिमिक टँग. याची पिल्लं एंजलचा वेश घेऊन फिरतात, आणि गंमत म्हणजे एकाच जातीची पिल्लं जिथे जो एंजल असेल त्याची कॉपी मारतात, लेमनपीलच्या भागात पूर्ण पिवळी, पर्लस्केल एंजलच्या भागात पुढून करडी मागून काळी. हिंद महासागरात हाच उद्योग अकँथुरस ट्रिस्टिस करतो, तो आयबल एंजलची नक्कल करतो. का करतात यावर एक अंदाज असा की एंजलच्या गालावर काटा असतो आणि तो कपारीत पटकन शिरतो, त्यामुळे शिकारी त्याच्या फार मागे लागत नाहीत, त्याचा फायदा टँगच्या पिल्लाला मिळतो.

तो गालावरचा काटाच तुमच्या कामाचा आहे. एंजल असेल तर कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यातून मागे जाणारा काटा स्पष्ट दिसतो. टँगला तिथे काही नसतं, त्याचा काटा शेपटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, घडी घातलेल्या चाकूसारखा. शिवाय खऱ्या लेमनपीलच्या डोळ्याभोवती निळी रिंग असते आणि कल्ल्याच्या कडेलाही निळी रेघ. निळं काहीच नाही पण गालावर काटा आहे, असं असेल तर तो हेराल्ड्स एंजल, म्हणजे तिसराच गडी.

तुमचा मासा आता चॉकलेटी होईल, कल्ल्यामागे नारिंगी डाग येईल, शेपटी चंद्रकोरीसारखी होऊन कडेला पिवळी पडेल आणि लांबी २५ सेंटीमीटरच्या आसपास जाईल. लेमनपील १४ सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, तेव्हा टाकी त्या हिशोबाने घेतली असेल तर आत्तापासून मोठ्या टाकीचं किंवा चांगल्या घराचं बघा. मासा म्हणून मात्र तो गुणी आहे, शेवाळ छान खातो.

प्रश्न : रॉयल ग्रामा शांत असतो असं वाचलं होतं, माझा तर सगळ्यांना मारतोय.

पुढून जांभळा, मागून पिवळा, बरोबर? मग दोन रंग जिथे मिळतात ती जागा बघा. ग्रामामध्ये जांभळा हळूहळू ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळ्यात विरतो, डोळ्यातून एक तिरकी रेघ जाते आणि पाठीवरच्या पराच्या सुरुवातीला काळा ठिपका असतो. तुमच्या माशाचे रंग पट्टीने आखल्यासारखे सरळ कापलेले असतील आणि पर पारदर्शक असतील तर तो बायकलर डॉटीबॅक, आणि तो मारणारच, त्याचा स्वभावच तो. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, डॉटीबॅक पश्चिम पॅसिफिकमधला, निसर्गात दोघांची भेटही होत नाही.

प्रश्न : निळे डॅमसेल घ्यायचे आहेत, पिवळी शेपटी असलेले शांत असतात म्हणे. पण पिवळ्या शेपटीतही दोन-तीन प्रकार दिसतात.

फक्त शेपटी आणि तिचं बूड पिवळं असेल तर क्रिसिप्टेरा पॅरासेमा, तोच घ्या. पिवळा रंग पोटाखालून पुढपर्यंत आला असेल तर हेमिसायानिया, तोही चालेल. पूर्ण निळा आणि शेपटी नारिंगी किंवा बिनरंगी, तो ब्लू डेव्हिल. शेपटी नारिंगी तो नर, बिनरंगी असून पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाशी काळा ठिपका असेल तर बहुधा मादी. दिसायला भारी, पण छोट्या टाकीत बाकीच्यांचं जगणं हराम करतो.

प्रश्न : यलो टँग म्हणून दाखवलेला मासा जरा गोल वाटला, डोळ्याजवळ निळं होतं. घ्यावा का?

अटलांटिक ब्लू टँगचं पिल्लू असणार. लहानपणी पूर्ण पिवळं, मोठं झालं की निळं. खऱ्या यलो टँगचं तोंड लांबट पुढे आलेलं असतं, वरचे-खालचे पर शिडासारखे उंच आणि शेपटीजवळचा काटा पांढरा. तुम्हाला पिवळाच हवा असेल तर नका घेऊ.

प्रश्न : एम्परर एंजलचं पिल्लू ओळखायचं कसं? निळ्यावर पांढऱ्या रेघा असलेली सगळी पिल्लं सारखीच दिसतात.

रेघा कुठे वळतात ते बघा. एम्परर पिल्लाच्या मागच्या भागात रेघा पूर्ण गोल होतात, शेपटीच्या अलीकडे एक बंद वर्तुळ असतं आणि बाकीच्या रेघा त्याच्याभोवती. सेमिसर्क्युलेटस, ज्याला कोरान एंजल म्हणतात, त्याच्या रेघा कमानीसारख्या वळतात पण वर्तुळ बंद होत नाही, शेपटीकडे उघडेच राहतात. ॲन्युलॅरिस नावाच्या तिसऱ्या एंजलच्या पिल्लाच्या रेघा जवळपास उभ्या सरळ आणि शेपटी बिनरंगी.

एम्पररचं पिल्लू आणि मोठा मासा इतके वेगळे दिसतात की जुन्या अभ्यासकांनी पिल्लाला वेगळी जात मानून निकोबारवरून नाव दिलं होतं, तेव्हा तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. मोठेपणी एम्परर पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा होतो, कोरान हिरवट-तपकिरी आणि अंगभर निळे ठिपके, त्यामुळे दोन वर्षांनी पस्तावण्यापेक्षा आत्ताच ते वर्तुळ शोधा. आणि तिघंही फुटाच्या वर जातात, हे दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

प्रश्न : मूरिश आयडॉल आणि हेनिओकस यात फरक काय? एक महाग एक स्वस्त एवढंच कळलं.

शेपटी. आयडॉलची काळी, हेनिओकसची पिवळी. आयडॉलच्या नाकावर पिवळ्या-नारिंगी रंगाचं खोगीर असतं. आयडॉल समुद्रात स्पंज वगैरे खरवडून खातो आणि टाकीत बऱ्याचदा खाणंच सोडतो, त्यामुळे अनुभव नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पण खरी फसगत हेनिओकसमध्येच आहे, कारण त्यातही दोन जाती अगदी सारख्या. ॲक्युमिनेटस एकेकटा किंवा जोडीने राहतो, नाक थोडं लांब, पाठीवर साधारण ११ काटे, आणि कोरल कुरतडू शकतो. डिफ्र्युटीस मोठ्या थव्याने पाण्यात वर तरंगत प्लँक्टन, म्हणजे पाण्यातले बारीक तरंगते जीव, खातो, नाक आखूड, काटे साधारण १२, आणि रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या टाकीत, त्यातल्या त्यात बरा. काटे मोजायला जमलं नाही तर टाकीतलं वागणं बघा, आठ-दहा जण एकत्र न भांडता फिरतायत म्हणजे बहुधा डिफ्र्युटीस.

प्रश्न : लायनफिश व्होलिटन्स आहे की माइल्स हे घरी ओळखता येईल का?

रंगावरून नाही. पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात मऊ किरण ११ आणि शेपटीजवळच्या खालच्या परात ७ असतील तर सहसा व्होलिटन्स, १० आणि ६ असतील तर सहसा माइल्स. माइल्स मूळ हिंद महासागर आणि तांबड्या समुद्रातला, व्होलिटन्स पॅसिफिककडचा. अटलांटिकमध्ये मात्र दोघंही घुसलेत, फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिली नोंद झाली आणि आता कॅरिबियनभर उच्छाद आहे, तेव्हा पाळायचा कंटाळा आला म्हणून कोणी लायनफिश समुद्रात सोडत असेल तर त्याला थांबवा.

मोजणी फोटोवरच करा, जाळीत धरून अजिबात नको. पाठीवरचे १३, पोटाखालच्या परांचे २ आणि मागच्या खालच्या पराचे ३ असे एकूण १८ काटे विषारी आहेत, ते पंख्यासारखे पसरलेले बाजूचे मोठे पर दिसतात डेंजर पण त्यांत विष नसतं. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण ४५ डिग्रीपर्यंत, आणि पाणी किती गरम ते दुसऱ्या हाताने तपासा कारण दुखऱ्या हाताला कळत नाही, मग सरळ डॉक्टरकडे जा.